लेकरू विचारेल तेव्हा

माझी धाकटी साडेचार वर्षांची असतानाची गोष्ट. संध्याकाळची प्रार्थना चालू होती. मध्येच तिने विचारलं, "आई, आपण डोळे का मिटतो?" त्या दिवशी मी दमले होते, गॅसवर कुकर होता. "गप्प बस, देव रागावतो," एवढंच म्हणाले आणि घाईघाईने आमेन केलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत पाहिलं, तर ती एक डोळा किलकिला ठेवून छताकडे बघत होती. देव खरंच रागावतो का, हे तिला स्वतः बघायचं होतं.

मला फार वाईट वाटलं. तिच्या प्रश्नाने देवाची ओळख करून द्यायची संधी माझ्या हातात आणून दिली होती, आणि मी ओळख करून दिली ती रागावणाऱ्या देवाची. मग तिला जवळ घेऊन सांगितलं, "डोळे मिटले की दादा, टीव्ही, ताट काही दिसत नाही, म्हणून मन देवापाशी थांबतं. पण उघड्या डोळ्यांनी केलेली प्रार्थनाही तो ऐकतो. काल आई चुकीचं बोलली." तरी 'देव रागावतो' हे तिच्या मनातून जायला पुढे कितीतरी दिवस लागले.

घरी दोन मुलं वाढवताना आणि रविवारी शब्बाथ शाळेत दुसऱ्यांच्या मुलांबरोबर बसताना मला एक गोष्ट पटत गेली आहे. मुलांचा विश्वास त्यांच्या स्वतःच्या प्रश्नांभोवती वाढतो. आईबापांनी दोन कामं करायची: मुलांना प्रश्न पडतील असं घर ठेवायचं, आणि प्रश्न आला की उपदेश न करता आपली गोष्ट सांगायची.

शास्त्रातली रीत

ही माझी कल्पना नाही, पवित्र शास्त्रातली रीतच तशी आहे. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा विधी ठरवून दिला आहे, आणि लगेच म्हटलं आहे की पुढे मुलं याचा अर्थ विचारतील. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलगा बापाला विचारतो की या आज्ञा कशासाठी. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून गिलगाल इथे उभे केले जातात. कशासाठी? तर पुढच्या पिढीतल्या मुलांनी ते बघून विचारावं यासाठी.

आता उत्तर काय द्यायला सांगितलं आहे ते बघा. अनुवादातला मुलगा नियमांविषयी विचारतो, पण बापाने सुरुवात करायची ती मिसरातल्या गुलामगिरीपासून. आपण फारोचे दास होतो आणि परमेश्वराने आपल्याला सोडवून आणलं, हे आधी सांगायचं. आज्ञांचा विषय त्यानंतर. प्रश्न नियमाचा, उत्तर गोष्टीचं. आणि त्या गोष्टीत 'ते लोक' नाहीत, 'आपण' आहोत.

याच अध्यायात हे कधी बोलायचं तेही आहे: घरात बसल्यावर, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. आजच्या भाषेत सांगायचं तर शाळेत सोडताना स्कूटरवर, मेथी निवडताना, दिवा मालवल्यावर अंथरुणात. मुलांचे खरे प्रश्न अशाच वेळी येतात. ते येताच आपण हातातलं काम क्षणभर थांबवलं, तर मुलाला कळतं की हे विचारण्यासारखं आहे.

दहा मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना

पण गिलगालात धोंडे होते म्हणून मुलांनी विचारलं. घरात डोळ्यांना दिसणारं काहीच नसेल तर मूल काय विचारणार? म्हणून कौटुंबिक प्रार्थनेची वेळ ठरवा. रात्रीचं जेवण झाल्यावर, भांडी उचलण्याआधीची वेळ बऱ्याच घरांना सोयीची पडते. मुलं पेंगायला लागल्यावर बसू नका, आणि भुकेल्या पोटी तर नकोच.

लहान मुलं असलेल्या घरात दहा मिनिटं पुरेत. एका गीताचं एक कडवं, शास्त्रातल्या पाच-सहा ओळी, त्यावर मुलांचा एखादा प्रश्न, आणि प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना. गीत कोणतं, हे पाळीपाळीने मुलांना निवडू द्या. वाचता येणाऱ्याने वाचावं, न येणाऱ्याने पुस्तक आणून ठेवावं. तेवढा वेळ सगळ्यांचे फोन, म्हणजे आपलेही, दुसऱ्या खोलीत असू द्या. त्यासाठी छापील बायबलच बरं. फोनवर वचन शोधताना मधेच एक निरोप येतो आणि आपलं मन तिकडे जातं, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं.

पाळ्यांची नोकरी असेल तर घरी जो असेल त्याने बसावं. तीन दिवस खंड पडला तर चौथ्या दिवशी कुणाला टाकून न बोलता पुन्हा सुरू करावं. पाहुणे आले तर त्यांनाही बसायला सांगावं, पण बळजबरी करू नये.

गोष्ट सांगण्याची हातोटी

येशूने मोहरी, मेंढरं, पीठ, झाडू, मजुरी यांतून देवाचं राज्य समजावलं. यातलं सगळं आपल्या घरात आणि रस्त्यावर आहे. मिसळणाच्या डब्यातल्या मोहरीचे चार दाणे मुलाच्या तळहातावर ठेवा आणि मग दृष्टांत सांगा. नगर-पुणे रस्त्यावर धनगराचा कळप आडवा आला तर हॉर्न वाजवू नका, काच खाली करा. "याला आपली सगळी मेंढरं ओळखू येत असतील का? एक कमी झालं तर कळेल का?" असं विचारा. हरवलेल्या मेंढराची गोष्ट मुलं तिथे निम्मी स्वतःच सांगतात.

सकाळी मजूर अड्ड्यावर काम मिळण्याची वाट बघणारी माणसं मुलांनी पाहिलेली असतात. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी अशाच माणसांना दिवसभर बोलावून आणतो आणि संध्याकाळी आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. "हे चूक आहे!" असं मुलं हमखास म्हणतात. म्हणू द्या. मग विचारा, की त्या शेवटच्या माणसाच्या घरी किती तोंडं खाणारी असतील? अर्ध्या मजुरीत त्यांचं भागलं असतं का?

योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो आणि ती चकित होते. महाराष्ट्रातल्या मुलाला तिचं आश्चर्य समजावून सांगावं लागत नाही. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह का केला, हे त्याने शाळेत शिकलेलं असतं. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही असं समाज म्हणत होता, त्यातल्याच एका बाईकडे प्रभू स्वतः पाणी मागतो. एवढं मुलाच्या मनात उतरलं तर पुढे कुणाची जात विचारताना त्याची जीभ अडखळेल.

गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगायची घाई करू नका. "यातलं कोण व्हायला तुला आवडेल?" एवढं विचारा आणि गप्प बसा. आपण तात्पर्य सांगितलं की मुलाचा विचार तिथेच थांबतो.

प्रार्थना शिकवताना

मराठीत आपण प्रभूला 'तू' म्हणतो. आईलाही 'तू' म्हणतो. मुलासाठी ही फार मोठी सोय आहे, ती जपा. त्याला पुस्तकी शब्द शिकवायला जाऊ नका. उपकार मानणं, चूक कबूल करणं, मागणं आणि दुसऱ्यासाठी मागणं या चार गोष्टी पुरेत. मुलाने लंगड्या कुत्र्यासाठी किंवा हरवलेल्या कंपासपेटीसाठी प्रार्थना केली तर हसू नका.

मोठी माणसं नकळत एक चूक करतात. "हे प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, हा फार उलट बोलतो," अशी प्रार्थना मुलादेखत होते. ती देवाला कमी आणि मुलाला जास्त ऐकवलेली असते. मुलाला ते बरोबर कळतं आणि पुढे प्रार्थनेला बसायचं म्हटलं की त्याला नको होतं. रागवायचं असेल तर सरळ रागवा, प्रार्थनेच्या आडून नको. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात बापांना मुलांना चिडवू नका असं सांगितलं आहे, ते इथेही लागू पडतं.

एक साधी वही करा. डाव्या पानावर तारीख आणि मागणं, उजवं पान कोरं. उत्तर मिळालं की उजवीकडे मुलाच्या हाताने लिहा. काही पानं कोरीच राहतील. आजीसाठी प्रार्थना केली आणि आजी गेली, असंही होईल. तेव्हा "देवाला ती जास्त आवडली" अशी सारवासारव करू नका, कारण मूल त्याचा भलताच अर्थ लावून घाबरतं. "मलाही कळत नाही, मलाही रडू येतंय, आणि तरीही मी त्याच्यापाशीच जाते," असं खरं सांगा. तेराव्या आणि बाविसाव्या स्तोत्रांत देवाकडे उघड तक्रार आहे. ती पानंही मुलांना दाखवा.

आणि आपण चुकलो तर त्यांची क्षमा मागा. मुलावर विनाकारण हात उचलला असेल तर त्याच रात्री त्याच्यासमोर कबूल करा, आणि प्रार्थनेतही म्हणा. पश्चात्ताप आणि क्षमा हे शब्द शब्बाथ शाळेत कितीही समजावले, तरी ते खरे कळतात घरी, आईबापांच्या तोंडून.

पाठांतर आणि भाषा

आपली बरीच मुलं इंग्रजी शाळेत जातात आणि त्यांना मराठी बायबल जड जातं. तरीही प्रभूची प्रार्थना आणि तेविसावं स्तोत्र मराठीत पाठ करून घ्याच. पुढे आजोबांच्या खाटेशी बसायची वेळ येते तेव्हा दोन पिढ्यांच्या ओठांवर एकच शब्द असावेत, म्हणून. आठवड्याला एक वचन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. येता-जाता ते आपोआप पाठ होतं. घरात मात्र पाठांतराची स्पर्धा किंवा बक्षिसं नकोत. जे मूल हरतं ते वचनावरच रुसतं.

सोपी भाषा हवी असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घरात ठेवा. २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. साध्या माणसाला कळेल असं शास्त्र द्यावं, ही तळमळ आपल्याकडे जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी त्याच तळमळीने हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

आपल्या घराची साक्ष

'आपण' म्हणून सांगायची गोष्ट प्रत्येक घरात असते. आपल्या घरात पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवला? कोणत्या गावी? बाप्तिस्मा कुठे झाला? कुणी बायबलबाई होत्या का, कुणी मिशन शाळेत मास्तर, दवाखान्यात नर्स? आजी-आजोबा आहेत तोवर मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. ज्या घरांनी जातीचा अपमान सोसून ख्रिस्ताची वाट धरली, त्यांनी ते लपवू नये. माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी पणजोबांनी काय किंमत दिली, हे मुलाने अभिमानाने ऐकावं. तुम्ही स्वतःच पहिली पिढी असाल तर तुमची साक्ष सांगा. ती सांगताना दुसरा धर्म पाळणाऱ्या आजी-आजोबांचा मान मात्र कमी होऊ देऊ नका.

"तुम्ही ख्रिश्चन, म्हणजे मराठी नाही ना?" हा प्रश्न मुलाला शाळेत कधीतरी ऐकावा लागतो. त्याचं उत्तर घरी तयार असावं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर इथे छापलं गेलं, आणि त्यात मराठीच्या सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झालं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही १८५७ सालची कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते. आपल्या उपासनेत गायल्या जाणाऱ्या कितीतरी गीतांखाली रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव असतं. आपण परके नाही, हे मुलाने वाद न घालता, शांतपणे सांगता आलं पाहिजे.

सण आणि शेजार

सण म्हणजे आपले उभे केलेले धोंडे. ते बघून मुलं विचारतात. नाताळला चांदणी लावताना ती का, हे मुलाकडूनच वदवून घ्या. करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं शेजारी मुलांनीच नेऊन द्यावीत, आणि एक ताट जिथून परत काही येणार नाही अशा घरी जावं. उपवासकाळात एक डबा ठेवा. वडापाव किंवा आइस्क्रीम टाळून वाचलेले पैसे त्यात पडू देत, आणि कुणाला द्यायचे ते मुलं ठरवू देत. उत्तम शुक्रवारची उपासना लहानांना लांबते. त्यांना पूर्ण तीन तास बसवण्याचा हट्ट नको. घरी संध्याकाळी वधस्तंभाची गोष्ट हळू आवाजात सांगा. पुनरुत्थानाच्या पहाटे मात्र झोपेतून उठवून न्याच. अंधारात निघायचं आणि उजाडताना गायचं, हे मूल विसरत नाही.

शेजारच्या गणपतीची आरती, प्रसाद, शाळेतली पूजा यांविषयी मंडळी-मंडळींत आणि घराघरांत वेगवेगळी रीत आहे. तुमची रीत काय, ते आईवडिलांनी आधी आपापसात ठरवा आणि मुलाला नेमके शब्द द्या. नकार द्यायचा असेल तर नम्रपणे कसा द्यायचा, तेही शिकवा. दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल आपल्या घरात कधीही होऊ नये. जे मूल शेजाऱ्याच्या देवघरासमोर अदबीने उभं राहतं, त्याचा विश्वास त्यामुळे कमी होत नाही.

वाढत्या वयातल्या शंका

बारा-तेरा वर्षांनंतर प्रश्न बदलतात. "विज्ञान खरं की उत्पत्तीचं पुस्तक?" "माझी मैत्रीण ख्रिस्ती नाही, तिचं काय होणार?" "मंडळीतली माणसं एवढी भांडतात का?" हे प्रश्न उर्मटपणे विचारले जातात तेव्हाही बहुतेक वेळा ते खरे असतात. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला तेव्हा गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. थोमाला शंका आली म्हणून प्रभूने त्याला हाकलून दिलं नाही, त्याला हातांच्या खुणा दाखवल्या.

उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण शोधू," असं म्हणा आणि खरोखर शोधा. मुलाला पाळकसाहेबांकडे किंवा फादरांकडे घेऊन जा, पण धाकाने नको, सोबत म्हणून जा. घराबाहेर ज्याच्याशी तो मोकळेपणी बोलू शकेल असं एखादं समंजस, तुमच्या भरवशाचं माणूस मंडळीत असू द्या.

रविवारी चर्चला येण्याचा घराचा नियम असायला हरकत नाही, पण विश्वासाची सक्ती करता येत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि स्वतःच्या मनाशी झगडून, १९०० मध्ये, आपल्या पायांनी त्या वाटेवर आल्या. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी ती बाई कुणी ओढून आणली नव्हती. आपल्या लेकरालाही तेवढा वेळ द्या, आणि तेवढी प्रार्थना करा.

एकट्याने हे ओझं वाहणाऱ्यांना

काही घरांत नवरा किंवा बायको विश्वासात नसते. काही घरांत एकटी आई किंवा एकटा बापच असतो. तुमच्याकडून काय होणार, असं मनात येत असेल तर तीमथ्याकडे बघा. त्याचे वडील ग्रीक होते, हे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदवलं आहे. त्याच्या विश्वासाचा उल्लेख करताना पौल आजी लोईस आणि आई युनीके या दोघींची नावं घेतो. दोन बायकांनी घरात जे जपलं, त्यातून मंडळीचा एक सेवक उभा राहिला.

आणि आपलाच विश्वास डळमळीत आहे असं वाटत असेल, तर मार्काच्या नवव्या अध्यायातला तो आजारी मुलाचा बाप आठवा. माझा विश्वास आहे, पण तो कमी पडतोय, मला मदत कर, अशा अर्थाचं तो प्रभूला रडून म्हणाला. तेवढ्यावर प्रभूने त्याचं मूल बरं केलं. पालकांसाठी याहून प्रामाणिक प्रार्थना मला सापडलेली नाही. मी ती रोज करते.

आज रात्री जेवणं झाली की फोन बाजूला ठेवा, शास्त्र काढा आणि लेकरांना जवळ बोलवा. एक छोटी गोष्ट सांगा. मग थांबा, त्यांना विचारू द्या. आणि ती विचारतील तेव्हा, कितीही दमला असाल तरी, "गप्प बस" एवढं म्हणू नका.